भट्टी घरात केव्हा आली? आणि आता कोणती घ्यावी?

ओव्हन घ्यायला दुकानात गेलात की पहिला शब्द कानांवर पडतो ‘ओटीजी’. मग सोलो मायक्रोवेव्ह, कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह, ओट्याखाली बसवायचा बिल्ट-इन, आणि अलीकडे एअर फ्रायर. विक्रेता लिटर सांगतो, वॉट सांगतो, हप्ते सांगतो. इतिहास सांगत नाही, आणि तो त्याचा धंदाही नव्हे. परंतु शेल्फवर शेजारी शेजारी मांडलेले हे डबे वेगवेगळ्या शतकांतल्या वेगवेगळ्या अडचणींतून जन्मले आहेत. कोणता कशासाठी जन्मला हे कळले, तर निवड पुष्कळ सोपी होते. धागा लांबलचक आहे, चहा घेऊन बसावे.

आरंभ दोन शब्दांपासून करू. ‘चूल’ आली संस्कृत ‘चुल्लि’वरून आणि ‘भट्टी’ आली ‘भ्राष्ट्र’वरून, म्हणजे भाजण्याचे साधन. चुलीत जाळ भांड्याखाली असतो आणि भांडे तापते. भट्टीत आधी भिंती तापतात, घुमट तापतो, आतली हवा तापते, आणि त्या तापलेल्या पोकळीत पदार्थ ठेवला जातो. फरक लहान वाटतो. पण सरपणाच्या हिशेबात तो प्रचंड आहे. मातीच्या वा विटांच्या जाड भिंती पुरेशा तापवायला काही तास लाकूड जाळावे लागते, आणि तेव्हा कुठे पहिला पाव आत जातो. एकदा तापली की मग तीच भट्टी शेकडो पाव भाजून देते. म्हणजे भट्टी परवडते ती गावाला, पलटणीला, मठाला. चार माणसांच्या घराला ती परवडत नाही. मानवी इतिहासाच्या बऱ्याच मोठ्या काळात ‘घरासाठी कोणती भट्टी घ्यावी’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘कोणतीच नको’ हेच होते.

पाँपेई पाहा. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या शहरात तीसहून अधिक बेकऱ्या सापडल्या आहेत. त्यांपैकी एकीच्या भट्टीत, १८६२ साली, ८१ पाव जसेच्या तसे मिळाले. कोळसा झालेले, पण आठ फाकी स्पष्ट दिसणारे. भाजायला ठेवले आणि काढायला कोणी परत आले नाही. शेजारच्या हर्क्युलेनियममध्ये मिळालेल्या एका पावावर शिक्का आहे: ‘क्विंटस ग्रॅनियस व्हेरसचा गुलाम केलेर याचा’. पावावर नाव कशासाठी? घरी मळलेली कणीक सार्वजनिक भट्टीवर भाजायला पाठवली, तर परत येताना कोणाचा पाव कोणता हे कळावे, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. हे नाव लक्षात ठेवा. पुढे मराठी गावांतल्या पत्र्याच्या ट्रेवर अशीच नावे येणार आहेत.

मात्र या भट्ट्यांचे रोमँटिक चित्र रंगवण्याआधी थांबावे. २०२३ साली पाँपेईतच एका घरात खिडक्यांना लोखंडी गज असलेली एक कोंदट बेकरी उजेडात आली. तिथे गाढवे आणि गुलाम यांना एकत्र कोंडून जाती फिरवून घेतली जात. जमिनीवर जनावरांच्या पावलांसाठी खाचाही कोरलेल्या आहेत, म्हणजे गोल फिरताना पाय घसरू नये. ताजा पाव रस्त्यावरच्या माणसाला स्वस्त मिळत होता, तो कोणाच्या तरी पाठीवर.

मध्ययुगीन युरोपात हाच प्रश्न कायद्याच्या रूपात उभा राहिला. फ्रान्सच्या अनेक भागांत सरदाराची भट्टी असे आणि रयतेने आपला पाव तिथेच भाजून घ्यावा, त्याबद्दल पिठाचा किंवा पावाचा वाटा द्यावा, असा दंडक होता. घरी भट्टी बांधणे हा गुन्हा. सरदार म्हणे, भट्टी बांधायला आणि राखायला खर्च मी करतो. रयत म्हणे, रांगेत उभे राहून आमची कणीक आंबट होते आणि भट्टीवाला जळके पाव हातावर ठेवतो. दोघांचेही खरे होते. १७८९ मध्ये क्रांती झाली आणि १७९३ पर्यंत हे हक्क मोबदल्याशिवाय रद्द झाले. बास्तीयचा तुरुंग सर्वांना माहीत असतो, पण खेड्यातल्या बाईसाठी क्रांतीचा अर्थ आपल्या परसात आपली भट्टी असाही होता, हे मला अधिक लक्षणीय वाटते.

घरात भट्टी नसावी यामागे आगीची भीतीही होती, आणि ती पोकळ नव्हती. २ सप्टेंबर १६६६ च्या पहाटे लंडनच्या पुडिंग लेनमधल्या थॉमस फॅरिनर या बेकऱ्याच्या घरून आग पसरली आणि चार दिवसांत सुमारे १३,२०० घरे व ८७ चर्चे भस्मसात झाली. लाकडी शहरात रात्रभर धुमसणारी भट्टी म्हणजे काय, हे त्यानंतर कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

आता दख्खनच्या पठारावर येऊ. इथे घरोघरी भट्टी का नव्हती, याचे उत्तर सरपणाइतकेच धान्यात आहे. पाव फुगतो तो गव्हातल्या ग्लूटेनमुळे. पीठ आंबले की वायू तयार होतो आणि ग्लूटेनचे चिवट जाळे तो वायू धरून ठेवते. ज्वारी-बाजरीत हे जाळे नाही. तुम्ही जगातली उत्तम भट्टी आणून दिलीत, तरी ज्वारीच्या पिठाचा घुमटदार पाव होणार नाही. त्या पिठाला हवा तवा, थापणारा हात आणि शेवटी थेट निखाऱ्याची धग, जिच्यावर भाकरी टम्म फुगते. ती फुगते वाफेने, आणि तेवढ्या वेळापुरतीच. गहू पिकवणाऱ्या पंजाबात तंदूर आणि त्याचा गावाने मिळून वापरायचा ‘सांझा चुल्हा’ रुजला; राजस्थानात कालीबंगन येथील हडप्पाकालीन वस्तीत तंदुरासारख्या भट्ट्या सापडल्या आहेत. धान्य बदलले की आगीचे घर बदलते. पदार्थ भट्टीमागे जात नाही, भट्टी पदार्थामागे जाते. आजही ओव्हन घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा: तुमच्या घरात नेमके काय भाजले जाणार आहे?

आणि आपली चूल अडाणी होती, असे कोणी समजू नये. मुख्य चुलीला जोडून ‘वैल’ असते. तिच्याखाली वेगळे लाकूड घालत नाहीत. चुलीतला उरलेला जाळ आतल्या मार्गाने वैलाकडे जातो आणि त्यावर आमटी मंद शिजत राहते. पुढे ओढलेल्या निखाऱ्यांच्या आरावर भाकरी शेकायची, वांगे भाजायचे. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवायचे, ते सकाळी फुंकणीने पुन्हा जागे करायचे. एका मोळीतली उष्णता चार ठिकाणी वापरली जाई.

भट्टीचे कामही आपण भट्टीवाचून करून घेतले. हिवाळ्यात हुरड्यासाठी शेतात खड्डा खणून गोवऱ्यांची ‘आगटी’ पेटवतात आणि तिच्या फुफाट्यात ज्वारीची कणसे खुपसतात. रायगड जिल्ह्यात वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरतात, मडके पालथे घालतात आणि भोवती पालापाचोळा-काटक्या पेटवून ‘पोपटी’ लावतात. पाणी नाही, तेल नाही. चहूबाजूंनी धग लागलेले बंद मडके म्हणजे दुसरे काय? ती एका रात्रीपुरती बांधलेली भट्टीच. मुंबईच्या पाठारे प्रभूंचे ‘भानोले’ तर खाली निखारे, झाकणावर निखारे अशा दुहेरी धगीत होई. आज ओटीजीच्या खटक्यावर वरची आणि खालची अशा दोन कॉइलींची चित्रे असतात. भानोले करणाऱ्या आजीला ती दाखवली असती, तर तिला समजावून सांगावे लागले नसते.

या कौतुकाची दुसरी बाजू धुराची आहे. १९८१ मध्ये कर्क स्मिथ या अमेरिकी संशोधकाने गुजरातच्या खेड्यांतील स्वयंपाकघरांत, चुलीपुढे बसलेल्या बायका प्रत्यक्ष किती धूर श्वासात घेतात हे मोजायला सुरुवात केली. तोवर प्रदूषण म्हणजे शहरातली धुरांडी, असा समज होता. स्मिथ आणि त्यांच्या मागून आलेल्यांच्या कामामुळे घरातल्या चुलीचा धूर हा जगातल्या मोठ्या आरोग्यप्रश्नांपैकी एक मानला जाऊ लागला. वर्ध्याच्या मगनवाडीत धुराडे असलेली ‘मगन चूल’ तयार झाली होती, ती याच दुखण्यावर. चुलीवरच्या भाकरीचे गोडवे गाणाऱ्यांनी निदान एक महिना फुंकणी हाती घेऊन पाहावी, असे माझे नम्र मत आहे.

पाव आपल्याकडे समुद्रावरून आला. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा घेतला आणि त्यांच्याबरोबर पावाची भूकही आली. यीस्ट नव्हते, म्हणून गोव्यातल्या बेकऱ्यांनी माडाची सूर घालून पीठ आंबवले. पोर्तुगीज ‘पादेइरु’चा कोकणीत ‘पोदेर’ झाला आणि ‘पांव’ या उच्चाराचा ‘पाव’. पोदेर सायकलवर भोंगा वाजवत दारोदार पाव पोहोचवतो, त्यामुळे गोव्याच्या घरातही स्वतंत्र भट्टीची निकड भासली नाही. गोव्याचे हे कारागीर पुढे मुंबईत आले, मागाहून इराणी आले, आणि मुंबईचा पाव गल्लीतल्या लाकडाच्या भट्टीतून घरी येऊ लागला.

पण सगळ्यांच्या घरी नव्हे. कोणाच्या हातचे, कोणत्या आगीवरचे, कोणत्या पाण्यातले, हे प्रश्न त्या काळी जेवणाहून मोठे होते. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याला जातिभेद सोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती बेकऱ्याचा पाव खावा लागे. एवढ्यासाठी सभा गुप्त ठेवावी लागली! चाळीस वर्षांनी, १८९० साली, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावे वृत्तपत्रातून जाहीर करवली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि टिळक-रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्ताच्या वादात ओढले गेले. चहाच्या पेल्याची कथा सगळे सांगतात. बशीतल्या बिस्किटाकडे कोणी पाहत नाही. ते बिस्किट घरच्या चुलीवर होण्यासारखे नव्हते. भट्टी घराबाहेर होती आणि म्हणून भट्टीतला प्रत्येक पदार्थ ‘बाहेरचा’ होता.

आता युरोपात भट्टी घरात शिरली कशी ते पाहू. या कथेचा नायक मोठा विचित्र माणूस आहे. बेंजामिन थॉम्प्सन, जन्म १७५३, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात त्याने इंग्रजांसाठी हेरगिरी केली, पुढे बव्हेरियाच्या राजदरबारी नोकरी धरली आणि ‘काउंट रम्फर्ड’ झाला. तोफा कोरताना निर्माण होणारी उष्णता पाहून, उष्णता हा पदार्थ नसून गती आहे, हा विचार मांडणारा तोच. १ जानेवारी १७९० रोजी त्याने म्युनिकमधल्या भिकाऱ्यांना धरून आणून कामगारगृहात बसवले. एवढ्या लोकांना रोज कमी लाकडात सूप कसे शिजवावे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. त्याने पाहिले की उघड्या शेकोटीची बरीचशी धग धुराड्यातून आकाशात जाते. म्हणून त्याने आग विटांच्या आत कोंडली, प्रत्येक भांड्याला स्वतंत्र लहान चूल आणि हवा कमीजास्त करायला झडप दिली. वैलाला आपण मातीत जे करत होतो, त्याचे हे विटांमधले शास्त्र.

त्याचा ‘रोस्टर’ तर आपल्या विषयाचा खरा पूर्वज. विटांत बसवलेले लोखंडी नळकांडे, त्याखाली लहान आग, आणि आत गरम हवा खेळवण्यासाठी नळ्या. भिंती पातळ, म्हणून तापायला वेळ कमी. जड घुमट तापवण्याची अट इथे प्रथम सुटली, आणि भट्टी एका कुटुंबाच्या आवाक्यात आली. न्यू इंग्लंडमधल्या पोर्ट्‌स्मथ, सेलम अशा गावांतील काही जुन्या श्रीमंत घरांत हे रोस्टर आजही पाहायला मिळतात. या माणसाने पुढे रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिएच्या विधवेशी लग्न केले. तो संसार फार काळ टिकला नाही. घरातली उष्णता मोजणे त्याला सोपे होते.

मग आला गॅस. इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनच्या गॅस कंपनीतल्या जेम्स शार्प यांनी १८२६ साली स्वतःच्या घरी गॅसची शेगडी बसवली आणि १८३६ मध्ये कारखाना काढला. लोकांना वाटे की गॅसवरचे अन्न विषारी होते, त्याला वास येतो. पन्नासेक वर्षे हे प्रकरण जवळजवळ जागचे हलले नाही. हलले ते विजेच्या दिव्यामुळे. तोवर गॅस कंपन्यांचा मुख्य धंदा दिवाबत्तीचा होता. विजेचे दिवे येऊ लागताच त्यांना दिवसा गॅस जाळणारे गिऱ्हाईक हवे झाले. त्यांनी ओव्हनसकट चुली भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि १८९० च्या दशकात एक पेनी टाकून तेवढाच गॅस देणारे मीटर बसवून मजुरांची घरेही जोडली. म्हणजे लंडनच्या कामगारवस्तीत घरगुती ओव्हन पोहोचला तो गृहिणीच्या मागणीहून अधिक कंपनीच्या घाबरण्यामुळे.

वीजही मागे नव्हती. १८९२ साली कॅनडातील ओटावा येथे थॉमस अहर्न यांनी एका हॉटेलात संपूर्ण जेवण विजेवर शिजवून दाखवले. पण वीज महाग, आणि घरोघरी पोहोचायला पुढची कित्येक दशके जावी लागली.

एक अडचण मात्र सगळ्याच ओव्हनांत होती: आतले तापमान कळायचे कसे? जुन्या पाकपुस्तकांत ‘मंद भट्टी’, ‘मध्यम भट्टी’, ‘तेज भट्टी’ एवढेच लिहिलेले असे. अनुभवी बायका आत हात घालून आकडे मोजत, किंवा पांढरा कागद आत ठेवून तो किती वेळात तपकिरी होतो ते पाहत. १९२३ साली इंग्लंडमध्ये ‘रेग्युलो’ हा गॅसचा तापमाननियंत्रक बाजारात आला आणि पाककृतीत आकडा शिरला. इंग्रजी पुस्तकांत आजही दिसणारा ‘गॅस मार्क ४’ हा त्याचाच अवशेष. आईच्या हातातले ज्ञान खटक्यावर आले. ज्याला आई शिकवायला नव्हती, त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये एका अंध माणसाने उलट्या दिशेने विचार केला. गुस्ताफ दालेन यांना १९१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते दीपगृहांचे दिवे आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेबद्दल. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या प्रयोगात स्फोट होऊन त्यांची दृष्टी गेली. पारितोषिक भावाने जाऊन स्वीकारले. घरी बसल्यावर स्वयंपाकघरातले आवाज त्यांच्या कानांवर पडू लागले आणि पत्नीला दिवसभर आगीकडे किती पाहावे लागते, हे डोळे गेल्यावर कळले, अशी कथा सांगतात. १९२२ मध्ये त्यांनी ‘आगा’ तयार केली. बिडाचा जड ठोकळा, आत अखंड जळणारा थोडासा कोळसा, आणि कायम तापलेली दोन-तीन कपाटे. खटका नाही, आकडा नाही. अधिक धग हवी तर वरच्या कपाटात, कमी हवी तर खालच्या. जुन्या जड भट्टीचेच तत्त्व, पण उष्णता बाहेर निसटू नये म्हणून भोवती दाट आवरण. गारठ्याच्या देशात ही चूल घरही ऊबदार ठेवते. नागपूरच्या मे महिन्यात ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.

मायक्रोवेव्हचा जन्म युद्धात झाला. १९४० साली बर्मिंगहॅममध्ये रँडल आणि बूट यांनी रडारसाठी प्रभावी मॅग्नेट्रॉन बनवला. त्याच वर्षी तो एका पेटीतून अमेरिकेला नेण्यात आला. तिथे रेथिऑन कंपनीत त्यावर काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातली मिठाई वितळली, ही १९४५ ची गोष्ट. स्पेन्सर यांचे शालेय शिक्षणही पूर्ण झालेले नव्हते. १९४७ चा पहिला ‘रडारेंज’ माणसाएवढा उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता. ओट्यावर मावणारा डबा १९६७ मध्ये आला, ४९५ डॉलरला. या लहरी भिंती तापवत नाहीत, हवाही तापवत नाहीत. अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना त्या हलवतात. म्हणून अन्न शंभर अंशांच्या आसपास रेंगाळते, आणि पावाला, नानकटाईला खमंग तपकिरी रंग देणारी प्रक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. मायक्रोवेव्हमध्ये केक फुगतो पण पांढराफटक राहतो, त्यात तुमचा दोष नाही.

आता घरी परतू. १८९२ साली स्वीडनमध्ये बनलेला प्राइमस स्टोव्ह आपल्याकडे घरोघर पोहोचला. १९५५ च्या सुमारास मुंबईत सिलिंडरचा गॅस मिळू लागला आणि पुढे कित्येक वर्षे जोडणीसाठी नावे लावून वाट पाहावी लागली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की इंग्लंडमध्ये ‘कुकर’ म्हणजे वर बर्नर, खाली ओव्हन अशी एकच वस्तू झाली. आपल्याकडे मात्र गॅसची चूल आली ती फक्त दोन बर्नरची. भाकरी, पोळी, फोडणी, कुकर या सगळ्याला उघडी ज्योत लागते. भट्टीला आपल्या रोजच्या ताटात कामच नव्हते.

काम होते ते दिवाळीत. नानकटाई करायची तर तूप-साखर फेसून, रवा-मैदा मळून, गोळे वळून ते बेकरीत न्यायचे. बेकरीवाला पत्र्याचे ट्रे देई, त्यावर नावाची चिठ्ठी चिकटवायची आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचे. मराठी गावांतल्या कितीतरी घरांनी हे केले आहे. परत मिळालेल्या डब्यात शेजाऱ्यांची नानकटाई आली, म्हणजे कमी तुपाची आली, अशी तक्रारही घरोघर होई. केलेरच्या शिक्क्याची गोष्ट आठवली ना? सरदाराची भट्टी नव्हे, पण रांग तीच आणि संशय तोच.

ज्यांना रांग नको होती, त्यांनी कुकरमध्ये वाळू घालून, शिट्टी काढून केक भाजला. तापलेली वाळू धग धरून ठेवते आणि सगळीकडे सारखी पोहोचवते. रम्फर्डने मान डोलावली असती. मग ॲल्युमिनियमचा गोल, झाकणाला काच असलेला विजेचा ओव्हन आला. त्यात केक बहुधा एका बाजूने अधिक भाजे, तरी तो काचेतून फुगताना पाहायला अख्खी चाळ जमे.

बेकरीची भट्टी या काळात जागची हलली नव्हती. तिच्यावर आता वेगळी वेळ आली आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात, लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस वा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे असा आदेश दिला. मोडक्या फर्निचरचे आणि प्लायवूडचे तुकडे अनेक भट्ट्यांत जाळले जात, त्याचा धूर आरोग्याला घातकच. पण स्वस्त पाव हा वडापावच्या शहराचा पाया आहे, आणि जुनी भट्टी मोडून नवी बसवण्याचा खर्च लहान बेकरीला पेलणे कठीण. रम्फर्डने ज्या दोन गोष्टींची सांगड घातली होती, कमी सरपण आणि स्वस्त अन्न, त्या इथे एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या आहेत. माझ्या मते धूर थांबलाच पाहिजे, पण बदलाचा खर्च एकट्या बेकऱ्यावर टाकला तर तो पावाच्या लादीत उतरेल.

मग घरी काय घ्यावे? नानकटाई, पाव, केक, भानोले करणार असाल तर ओटीजी. वर-खाली तापणाऱ्या कॉइली, बाकी काही नाही. आणि तेच हवे. फार लहान डब्यात कॉइल पदार्थाच्या डोक्यावर येते आणि वरचा भाग करपतो, म्हणून चौघांच्या घराला २५ ते ३० लिटरच्या खाली जाऊ नये. दूध, भात, काल रात्रीची भाजी गरम करायची असेल तर साधा सोलो मायक्रोवेव्ह पुरे. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह दोन्ही कामे करतो, पण फिरत्या तबकडीवर चौकोनी ट्रे मावत नाही आणि बहुतेकांत खालून धग कमी पडते, म्हणून पावाचा तळ फिका राहतो. एकच डबा ठेवण्यापुरती जागा असेल तर ही तडजोड चालते. एअर फ्रायर नावाने नवा, तत्त्वाने जुना. १९४५ च्या सुमारास विल्यम मॅक्सन यांनी विमानातल्या सैनिकांसाठी गोठवलेले जेवण गरम करायला पंख्याची भट्टी बनवली होती, तिचाच हा लहान भाऊ. पंख्याची हवा पृष्ठभाग झटकन कोरडा करते. बटाट्याच्या कापांना ते उत्तम, आंबवलेल्या पावाला वाईट.

विकत घेण्याआधी ओट्याजवळचे सॉकेट पाहा. २००० वॉटचा ओव्हन २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. पंख्या-दिव्याचे ६ अँपिअरचे सॉकेट त्यासाठी नाही, १६ अँपिअरचे हवे. आणि खटक्यावरच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नका, स्वस्त ओव्हनात तो वीस-तीस अंशांनी सहज चुकतो. आत ठेवायचा लहान तापमापक बाजारात मिळतो. तो नसेल तर पांढऱ्या कागदाचा तुकडा कॉइलपासून दूर, ट्रेवर ठेवून पाहा. झटकन गडद तपकिरी झाला तर आच फार झाली. नानकटाई आत टाकण्याआधी खटका थोडा मागे घ्या.